विश्लेषण : किनाऱ्यावरची ‘सोपी’ वाट खरेच सोपी असते का?

थंडी सुरू झाली की सह्याद्रीतल्या ट्रेकच्या जाहिरातींबरोबर समाजमाध्यमांवर ‘बीच ट्रेक’च्या जाहिरातीही दिसू लागतात. शुक्रवारी रात्री पुण्या-मुंबईहून बस, शनिवारी सकाळी चालायला सुरुवात, रात्री तंबू आणि रविवारी परत. खाली एक ओळ ठरलेली असते : श्रेणी – सोपी. डोंगर नाही, दोर लावायचे नाहीत, सगळी वाट समुद्रसपाटीला, म्हणून सोपी. मात्र ही श्रेणी ज्या मोजपट्टीवर ठरते ती डोंगरासाठी बनलेली आहे. किनाऱ्यावर त्याच वाटेची काठिण्यपातळी सकाळी सात वाजता एक आणि सकाळी अकरा वाजता दुसरी असू शकते. आपल्या कुवतीची किनारी वाट निवडायची कशी आणि ती निवड सोपी व्हावी यासाठी काय बदलायला हवे, याचा हा आढावा.

डोंगराची मोजपट्टी किनाऱ्यावर का चुकते?

सह्याद्रीत वाटेची श्रेणी ठरवताना साधारण तीन गोष्टी पाहिल्या जातात : किती उंची चढायची, किती अंतर चालायचे आणि वाटेत कडा, घसारा किंवा कातळटप्पा आहे का. या तिन्ही गोष्टी दिवसभरात बदलत नाहीत. राजगडाची गुंजवणे वाट सकाळी जेवढी उभी असते तेवढीच संध्याकाळी असते. पाऊस आणि ऊन सोडले तर वाट जागच्या जागी राहते.

किनाऱ्यावर वाटच जागची हलते. ओहोटीला दोन-तीनशे मीटर रुंद असलेली पुळण भरतीला सुरूच्या बनापर्यंत आकसते. ओहोटीला ज्या कातळावरून चालत जाता येते, तो सहा तासांनी पाण्याखाली असतो. ज्या ओढ्यात सकाळी घोटाभर पाणी असते, तिथे दुपारी खाडी भरून कंबरेच्या वर पाणी येते. उंची शून्य, अंतर चार किलोमीटर, कातळटप्पा नाही, असे गणित मांडले की उत्तर ‘सोपी’ येते. त्या गणितात वेळ धरलेलीच नसते.

याचे ठळक उदाहरण श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरची प्रदक्षिणा. देवळामागून थोडे वर चढायचे, दोन कड्यांमधल्या दगडी पायऱ्यांनी खाली उतरायचे आणि समुद्रालगतच्या सपाट खडकावरून डोंगराला वळसा घालून परत यायचे. अंतर इतके कमी की घरातल्या कोणालाही ते जमेल असे वाटते. सोवळ्यातले आजोबा आणि हात धरलेली नातवंडे ही वाट चालतातही. पण ही वाट फक्त ओहोटीची आहे. भरती चढू लागली की लाटा थेट खडकावर येतात. एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असल्याने बाजूला सरायला जागा राहत नाही. इथे पर्यटक लाटेबरोबर ओढले गेल्याच्या दुर्घटना घडल्या आहेत. डोंगराच्या मोजपट्टीवर ही वाट अगदी खालच्या श्रेणीत बसेल. किनाऱ्याच्या मोजपट्टीवर तीच वाट ओहोटीला सोपी आणि भरतीला बंद, अशी नोंदवावी लागेल.

भरतीचे गणित नेमके कसे चालते?

आपल्या किनाऱ्यावर साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन भरती आणि दोन ओहोटी येतात. म्हणजे भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ‘गेल्या रविवारी दहा वाजता आरामात गेलो होतो’ या अनुभवाचा या रविवारी उपयोग नसतो, तो यामुळे.

कोकणात यासाठी एक जुना आडाखा वापरला जातो. त्या दिवशीच्या तिथीला पाऊणने गुणायचे, म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, तर सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचे. हा आडाखा मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला बऱ्यापैकी लागू पडतो, तरी त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावाच लागतो. दक्षिणेकडे, सिंधुदुर्ग-गोव्याच्या बाजूला, भरती मुंबईच्या आधी येते. त्यामुळे आडाखा नियोजनाला वापरावा आणि प्रत्यक्ष निघताना त्या ठिकाणच्या भरती-ओहोटीचे छापील किंवा ऑनलाइन वेळापत्रक पाहावे.

दुसरा मुद्दा पाणी किती चढते याचा. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते. तेव्हा पाणी जास्त चढते आणि ओहोटीला जास्त मागेही जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक कमी होतो. मुंबई-अलिबाग पट्ट्यात मोठ्या उधाणाला हा फरक चार मीटरच्या पुढे जातो, तर गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास राहतो. म्हणून रायगडात चालण्याची सवय असलेल्याला सिंधुदुर्गातला समुद्र सौम्य वाटतो आणि मालवणात चालून आलेल्याला अलिबागचे पाणी चकवते.

तिसरा मुद्दा सर्वात कमी माहीत असलेला आहे. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. खलाशांचा ‘बाराव्या भागाचा नियम’ सांगतो की एकूण चढाचा पहिल्या तासात बारावा भाग, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक भाग चढतो. एकूण चढ ३.६ मीटर धरला तर पहिल्या तासात पाणी फक्त ३० सेंटीमीटर वाढते, दुसऱ्यात ६० आणि तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी ९०. म्हणजे मधल्या दोन तासांत माणूस बुडेल एवढे पाणी वाढते. ओहोटीनंतरचा पहिला तास शांत जातो आणि त्यामुळे ‘अजून बराच वेळ आहे’ असे वाटते. घोटाळा तिथेच होतो.

मग वीकेंडच्या वेळापत्रकाचे काय?

ही आकडेमोड प्रत्यक्ष सहलीला लावून पाहू. शनिवारी अमावास्या आहे असे समजा. आडाख्यानुसार ओहोटी पहाटे सव्वापाचच्या सुमारास आणि भरती सव्वाअकराला. रात्रभर प्रवास करून आलेला गट सातला पोहोचतो, चहा-पोहे होतात आणि आठ-साडेआठला चालायला सुरुवात होते. पाणी सर्वाधिक वेगाने चढण्याचे दोन तास म्हणजे साधारण सव्वासात ते सव्वानऊ. खडकाळ टप्पा असेल तर गट अगदी नको त्या वेळी तिथे पोहोचतो.

पौर्णिमेच्या चांदण्यातल्या ‘मूनलाइट वॉक’चे तेच. चंद्र डोक्यावर येण्याची वेळ मध्यरात्र आणि त्या रात्री पूर्ण भरतीची वेळही मध्यरात्रीच्या आगेमागे, तीही उधाणाची. डोंगरावर चांदण्या रात्रीचा ट्रेक चांगला, म्हणून किनाऱ्यावरही चांगला, हा निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा आहे. गावामागचा सपाट, रुंद किनारा असेल तर हरकत नाही. कड्याखालची वाट असेल तर ती रात्र टाळलेली बरी.

आता चतुर्थीचा दिवस घ्या. ओहोटी सकाळी नऊला. खडकाळ वाट जायला दोन किलोमीटर आहे आणि खडकावरचा वेग ताशी दोन किलोमीटर धरला आहे. पावणेआठला निघालेला गट पावणेनऊला टोकाला पोहोचतो, पंधरा मिनिटे थांबतो आणि दहाला परत येतो, तोवर पाणी जेमतेम वीत-दीड वीत वाढलेले असते. तोच गट दहाला निघाला तर अकराला पोहोचेल आणि सव्वाअकराला परत फिरेल. नेमका भरतीचा तिसरा तास सुरू असेल. वाट तीच, माणसे तीच, तंदुरुस्तीही तीच. फरक सव्वादोन तासांचा, आणि त्यावर एक सहल सोपी की जीवघेणी ते ठरते.

पायाखाली काय आहे, याने किती फरक पडतो?

किनारी वाटेवर चार प्रकारची जमीन लागते आणि प्रत्येकीचा कस वेगळा. पाण्यालगतची ओली, घट्ट वाळू सर्वात सोपी. तिच्यावरून लहान मूल आणि गुडघेदुखी असलेला ज्येष्ठ नागरिक दोघेही चालू शकतात. पण ती मिळते ओहोटीलाच. भरतीला चालणाऱ्याला वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत सरकावे लागते. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार अशा वाळूत चालायला कठीण जमिनीच्या तुलनेत दुपटीहून अधिक ऊर्जा लागते. म्हणजे जाहिरातीतले आठ किलोमीटर शरीराच्या हिशेबात सोळाच्या पुढे जाऊ शकतात.

तिसरा प्रकार खडकाचा. लाटांनी झिजलेला कातळ कोरडा असताना चांगली पकड देतो, शेवाळ धरलेला असताना काचेसारखा निसरडा होतो. हिरवा किंवा काळपट ओला दिसणारा भाग टाळायचा, एवढे एक सूत्र नवख्याला पुरेसे आहे. चौथा प्रकार खाडीमुखाजवळच्या गाळाचा. खारफुटीलगतचा चिखल वरून घट्ट दिसतो आणि पाय मांडीपर्यंत जातो. तिथे स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय उतरू नये.

यात भर पडते कोकणी सड्याची. रत्नागिरी, राजापूर, देवगड परिसरात किनाऱ्याच्या वर जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे आहेत. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पे याच सड्यांवर आहेत आणि २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाल्यापासून तिकडे वर्दळ वाढली आहे. सड्यावर चढ नाही, भरतीची भीती नाही, पण झाडाची सावलीही नाही. जांभा तापतो आणि दुपारनंतर उष्णता परत फेकतो. किनाऱ्यावर हवेतला दमटपणा जास्त असल्याने घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. हवामान विभाग मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर पोहोचल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार करतो, किनारी भागात मात्र ३७ अंशांवर, अर्थात सरासरीपेक्षा ते किमान साडेचार अंश जास्त असेल तर. घाटावरच्या माणसाला ३६-३७ अंश नेहमीचे वाटतात. कोकणात तेवढ्याच तापमानात दुपारी अकरानंतर सडा चालणे ही कठीण श्रेणीची वाट मानायला हवी.

कोणी कुठे जावे?

वरचे सगळे निकष एकत्र केले तर निवडीसाठी सर्वात उपयोगी प्रश्न एकच उरतो : मध्येच थांबावेसे वाटले तर बाजूला पडता येईल का? या प्रश्नाच्या उत्तरावरून वाटांचे तीन गट पाडता येतात.

पहिला गट कुठूनही बाहेर पडता येणाऱ्या वाटांचा. गुहागर, दिवेआगर, आक्षी-नागाव अशा लांब, सरळ पुळणींच्या मागे समांतर गाव आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. थकवा आला, मूल कंटाळले, ऊन वाढले तर सुरूच्या बनातून पाच-दहा मिनिटांत रस्ता गाठता येतो. लहान मुले, ज्येष्ठ, पहिल्यांदा चालणारे आणि बऱ्याच काळाने चालायला लागलेले यांच्यासाठी हाच गट योग्य. ओहोटीच्या आधी तास-दीड तास सुरुवात करावी, जाताना वारा तोंडावर असेल अशी दिशा घ्यावी, म्हणजे परतताना तो पाठीशी राहतो. इथेही नकाशा फसवू शकतो. अलिबागहून आक्षीपर्यंत किनारा सलग वाटतो, पण मध्ये साखर खाडी येते. पाण्यातून पलीकडे जाण्याचा मोह टाळून रस्त्याच्या पुलावरून वळसा घ्यावा. मंडणगड तालुक्यातील वेळाससारख्या ठिकाणी हिवाळा-उन्हाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. तिथे रात्री विजेऱ्या घेऊन किनाऱ्यावर फिरणे टाळावे आणि पिल्ले समुद्रात सोडण्याच्या वेळा गावकऱ्यांना विचाराव्यात.

दुसरा गट ठरावीक ठिकाणीच बाहेर पडता येणाऱ्या वाटांचा. रेवदंडा खाडीच्या मुखावरचा कोर्लई किल्ला, रत्नागिरीचा रत्नदुर्ग, वेंगुर्ले तालुक्यातील निवतीचा किल्ला आणि तिथला भोगवे परिसर, कर्नाटकात गोकर्णचे कुडले, ओम, हाफ मून आणि पॅराडाइज हे ओळीने येणारे किनारे ही याची उदाहरणे. यात टेकाड चढणे-उतरणे, अरुंद पाऊलवाट, थोडा खडक आणि उघड्यावरचा वारा असतो. महिन्यातून एक-दोनदा डोंगरात जाणाऱ्यांना आणि दोन-तीन तास न थांबता चालू शकणाऱ्यांना हे जमते. गोकर्णला किनाऱ्यांमधला टप्पा कड्यावरच्या पायवाटेने करायचा की खालच्या खडकांवरून, हा निर्णय तिथे गेल्यावर भरती पाहून घ्यावा लागतो. शंका असेल तर वरची वाट.

अलिबागचा कुलाबा किल्ला याच गटात धरायला हवा, जरी तिथपर्यंत घोडागाडीही जाते. ओहोटीला चालत जाता येणाऱ्या या किल्ल्यात बाहेर पडण्याची वाट एकच आणि तीही वेळेने बांधलेली. शिवाय भांगाच्या दिवसांत पाणी पुरेसे मागे जात नाही, त्यामुळे ओहोटीलाही वाट पूर्ण उघडी पडेलच असे नाही. किल्ल्यात जाताना परत निघण्याची वेळ ठरवूनच जावे.

तिसरा गट बाहेर पडण्याची सोय नसलेल्या किंवा खाड्या ओलांडाव्या लागणाऱ्या वाटांचा. कुमठा ते गोकर्ण ही बहुतेक जण दोन दिवसांत करतात ती वाट यात येते. तिच्यात अघनाशिनी नदी अघनाशिनी गावातून तदडीला होडीने ओलांडावी लागते. रेवसपासून रेडीपर्यंत कोकण किनारा पायी उतरणारे याच गटातले. त्यांना आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा जेट्टींवरच्या फेरीबोटींच्या वेळा जुळवाव्या लागतात. फेरी चुकली म्हणून खाडीमुखातून चालत जाण्याचा विचारही करू नये. ओहोटीच्या मधल्या तासांत खाडीतले पाणी समुद्राकडे जोरात ओढते आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ते आवरत नाही. अनेक दिवस पाठीवर ओझे घेऊन चालण्याचा सराव, नकाशा वाचता येणे आणि एखादा दिवस वाया घालवण्याची तयारी, या तीन गोष्टी असतील तरच हा गट निवडावा.

हवामान चांगले असेल तर समुद्रही शांत असतो ना?

नाही. दूरच्या दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळातून निघालेल्या लांब लाटा हजारो किलोमीटर पार करून निरभ्र आकाशाखाली आपल्या किनाऱ्यावर आदळू शकतात. केरळात याला ‘कल्लकडल’, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र, म्हणतात. मे २०२४ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यात अशाच काळात वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच विद्यार्थी बुडाले. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था अशा लाटांचे इशारे किनारपट्टीनिहाय जाहीर करते. निघण्याच्या आदल्या दिवशी पाऊस पाहतात तसाच हा इशाराही पाहायला हवा.

आपल्याकडेही याचा कटू अनुभव आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता आणि ती कुठलीही अवघड मोहीम नव्हती. साधी सहल होती. पावसाळ्याबद्दल तर प्रश्नच नाही. राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ज्या समुद्रात कोळी होडी घालत नाहीत, त्याच्या कडेच्या ओल्या खडकावरून हौसेने चालण्यात शहाणपण नाही. त्या दिवसांत किल्ल्यांचे माथे आणि सड्यावरची फुले पाहावीत, खडकाळ वाटा सप्टेंबरनंतरसाठी ठेवाव्यात.

अडचणीत सापडल्यास ११२ हा नेहमीचा क्रमांक आहेच. याशिवाय तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक फोनमध्ये असावेत. कड्याखाली अनेक ठिकाणी नेटवर्क मिळत नाही. त्यामुळे गावात कोणाला तरी ‘अमुक वेळेपर्यंत परतलो नाही तर’ असे सांगून जाणे हा अधिक खात्रीचा उपाय ठरतो.

इतर देशांत काय करतात?

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला ‘साऊथ वेस्ट कोस्ट पाथ’ ही १,०१४ किलोमीटरची किनारी वाट आहे. कुठेही उंच पर्वत नसताना ती पूर्ण चालणाऱ्याची एकूण चढाई एव्हरेस्टच्या उंचीच्या जवळपास चौपट होते. कारण प्रत्येक खाडीला उतरायचे आणि पुन्हा चढायचे. या वाटेचे टप्पे सोपा, मध्यम, दमछाकीचा आणि अतिकठीण असे वेगवेगळे नोंदवलेले आहेत. एर्म नदीच्या मुखाशी तर पाण्यातून चालत जाण्याची वेळ ओहोटीच्या आगेमागे एक तास, असे स्पष्ट सांगितलेले असते.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील ‘ग्रेट ओशन वॉक’वर काही ठिकाणी वाट फुटते. एक फाटा किनाऱ्यावरून आणि दुसरा वरच्या झाडीतून जातो. त्या फाट्यांवर ‘निर्णयाची जागा’ अशा अर्थाचे फलक आहेत. भरती किंवा मोठ्या लाटा असतील तर वरून जा, असे तिथेच सांगितले जाते. चालणाऱ्याला अडवलेले नाही. निर्णय घेण्यासाठी लागणारी माहिती निर्णय घ्यायच्या जागी ठेवली आहे, इतकेच.

महाराष्ट्रात काय व्हायला हवे?

राज्याने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यात जमीन, पाणी आणि हवेतले साहसी उपक्रम चालवणाऱ्यांसाठी नोंदणी व सुरक्षेच्या अटी आहेत. पण किनारी पायवाट ही जमीन आणि पाणी यांच्या मधोमध पडते. ट्रेक म्हणावे तर भरतीचा विचार सुटतो, जलक्रीडा म्हणावे तर कोणी बोटीत बसत नाही. आयोजकांच्या जाहिरातीत म्हणूनच डोंगराची श्रेणी चिकटवली जाते आणि ती तपासायला कोणी नसते.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. वर्दळीच्या प्रत्येक किनारी वाटेच्या तोंडाशी एक फलक हवा. त्यावर वाटेचा प्रकार, बाहेर पडायच्या जागा आणि ‘ओहोटीच्या आधी इतके तास व नंतर इतके तास सुरक्षित’ ही एक ओळ हवी. त्याखाली खडूने लिहिता येईल अशी आजची वेळ. ती लिहायला तंत्रज्ञ लागत नाही. गावातल्या कोळ्याला, खारव्याला किंवा गाबताला ती पंचांग न उघडता सांगता येते. ग्रामपंचायतीने हे काम स्थानिक वाटाड्यांना मानधनावर दिले तर माहितीही नेमकी मिळेल आणि गावात रोजगारही राहील. आयोजकांना जाहिरातीत श्रेणीबरोबर त्या तारखेची ओहोटीची वेळ छापणे बंधनकारक करावे. ज्याला ही वेळ माहीत नाही, त्याने लोकांना किनाऱ्यावर नेऊ नये, इतकी साधी अपेक्षा आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की फलक लावले तर पर्यटक घाबरून येणार नाहीत. प्रत्यक्षात पर्यटक दूर जातो तो दुर्घटनेनंतर घाईघाईने घातलेल्या सरसकट बंदीमुळे. बंदी आली की हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेइतकीच दिवेआगरची निर्धोक पुळणही संशयाच्या यादीत जाते. दुसरा आक्षेप अनुभवी मंडळींचा : समुद्र फलकावर मावत नाही, तो पाहूनच कळतो. हे खरे आहे. पण हे कळायला वर्षे जातात आणि शनिवारी सकाळी बसमधून उतरणाऱ्या पस्तीस जणांपैकी तीस जण समुद्रालगत पहिल्यांदाच चालणार असतात. फलक त्यांच्यासाठी आहे.

घाटवाटांची माहिती महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्यांच्या भटक्यांनी लिहून ठेवली, म्हणून आज नवखा माणूसही आपल्या कुवतीचा गड निवडू शकतो. किनाऱ्याबद्दलची तशीच माहिती कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे, ती वाटेच्या तोंडाशी येऊन पोहोचलेली नाही. ती पोहोचेपर्यंत निवड करणाऱ्याने जाहिरातीतला ‘सोपी’ हा शब्द वाचून थांबू नये. आयोजकाला दोन प्रश्न विचारावेत : त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे, आणि तेव्हा आपण वाटेच्या कोणत्या टप्प्यावर असू? दोन्हींची उत्तरे तत्काळ मिळाली नाहीत, तर त्या शनिवारी घरी राहिलेले बरे.